पापटाच्या पानातल्या गाठी

आक्का,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. लोक येतात, सतरंजीवर बसतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात आणि मी मान हलवते. त्यातलं काहीच खोटं नसतं. तरी प्रत्येक वेळी माझ्या आत एक जुनी कळ उठते आणि तिला दुःख म्हणायला जीभ धजत नाही. तो हेवा आहे. चाळीस वर्षं तुमचा हेवा केला. माणूस गेल्यावर तो आपोआप थांबत असेल अशी माझी समजूत होती.

तुमचं मरणसुद्धा हेवा वाटावा असंच. दुपारी जेवलात, ताट स्वतः घासून पालथं घातलंत, ‘जरा पाठ टेकते गं’ म्हणालात. चार वाजता मी चहा घेऊन आले तर तुम्ही नव्हता. मी सगळं आवरून ठेवणारी बाई. कागदपत्रांची फाइल, औषधांचा तक्ता, प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा. तुम्ही काहीच आवरलं नव्हतं, आणि तुमची ट्रंक उघडली तर त्यात आवरण्यासारखं काही निघालंच नाही.

ऋताचा फोन आला होता. इतक्या लांबून ती रडत होती आणि मागे तिकडची सकाळ होती. “आजी, तू आक्काआजीवर लिही ना. जन्म कधी, लग्न कधी, ते नको. ते बाबांना माहीत आहे. तुम्ही दोघी कशावरून भांडायचात ते लिही.” मागून ईशान ओरडला, “लई भांडायच्या!”

हा ‘लई’ तुमचा. दर रविवारी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसून त्या दोघांना बाराखडी मी शिकवली, शुद्धलेखन मी घातलं, उजळणी मी घेतली. तुम्ही कॉटच्या कडेला बसून मध्येच तोंड घालायचात, “काय करालाईस रं ईश्या?” एवढंच. आता मुलं मराठी बोलतात ती निपाणीची बोलतात. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली, माझं मराठी त्यांनी वहीत ठेवलं आणि तुमचं तोंडात.

तर भांडण कशावरून, ते लिहिते. कॉफीच्या कुळावरून. आणि ते लिहिताना मला एक गोष्ट कबूल करायची आहे. येत्या गुरुवारी कॉलेजातून मंजुळा येणार आहे. ती माझ्या जागेवर आता वनस्पतिशास्त्र शिकवते. मी गोळा केलेल्या सगळ्या हर्बेरियम शीट्स, म्हणजे जाड कागदावर चिकटवलेल्या वाळक्या फांद्या, ती स्कॅन करायला नेणार आहे. मग त्या जगात कुणालाही, कुठूनही बघता येतील. त्यातल्या सत्तावीस नंबरच्या शीटवर एक खोटं आहे. ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत होतं की नाही हे मला तीस वर्षं कळलं नाही. गुरुवारच्या आत त्याचं काहीतरी करायला हवं.

तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा आमचा मुलगा दोन महिन्यांचा होता. मला कॉलेजात रुजू व्हायचं होतं. तुमच्या भावाने, माझ्या नवऱ्याने, निपाणीला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एक ट्रंक, एक सूप आणि बीडीची पानं कापायचा पत्र्याचा तुकडा घेऊन दारात उभ्या. मी विचारलं, “आक्का, इथे बीड्या कशाला वळायच्या?” तुम्ही म्हणालात, “वळायच्या न्हाईत. पर हाताला सवय हाय, मोकळा बसला की दुखतोय.” नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बीड्या वळून धाकट्या भावाला शिकवलेलं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्याने मला सांगितलं होतं, “आक्का म्हणेल तसं.” नव्या नवरीला कुणी असं सांगतं का? मी तेव्हाच मनात तुमची नोंद केली होती.

आठ दिवसांत पोरगं तुमच्या मांडीवर झोपायला लागलं आणि माझ्या मांडीवर रडायला लागलं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आता वाचेल.

पण मुलावरून मी भांडले नाही, ते कमीपणाचं वाटलं असतं. माझ्याकडे माझी झाडं होती. जांबोटीच्या आणि खानापूरच्या रानातलं कॉफीचं कूळ मी अभ्यासाला निवडलं होतं, कारण ते शहाण्यासुरत्यांना फसवतं. कॉफीचं झुडूप, हेदूचा शंभर फुटी वृक्ष, चेंडूसारख्या फुलांचा कळंब, देवाला वाहतात तो लाल बकोरा, काटेरी गेळ, मंजिष्ठेची वेल आणि वाटेवरचं बोटभर उंचीचं गवतासारखं परिपाठ, ही सगळी एकमेकांची सख्खी भावंडं. दिसायला एकाचं दुसऱ्याशी काही जुळत नाही. जुळतं ते बारीक ठिकाणी. पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि त्या दोन देठांच्या मध्ये फांदीला चिकटून एक इवलं पान असतं, स्टिप्यूल. ते दिसलं, आणि वर फूल बीजकोशाच्या डोक्यावर बसलेलं दिसलं, की कूळ ठरलं. कॉलेजातल्या मुलींना सोपं जावं म्हणून आपल्या भागातल्या या कुळाची ओळख-यादी मी करत होते. पान असं की तसं, मग पुढे जा; फूल पांढरं की लाल, मग पुढे जा. पायरीपायरीने नावापर्यंत. असलं काम मला फार आवडतं. गोष्टी जागच्या जागी.

एका वर्षी कॉलेजच्या सहलीला स्वयंपाकाला बाई मिळेना म्हणून तुम्ही आलात. जांबोटीच्या रानात मी मुलींना गोळा करून इंग्रजीत समजावत होते. बावीस चेहरे, एकाही डोळ्यात काही उजळत नव्हतं. तुम्ही दगडावर बसून कांदा चिरत होता. तिथूनच बोललात, “आगं मास्तरीण, ते टोपरं दाखव की पोरींस्नी.”

“कसलं टोपरं?”

तुम्ही उठलात, हात पदराला पुसलात, बकोऱ्याचा शेंडा वाकवला. “ह्ये बघा गं. कोंब न्हाना हाय न्हवं, तवर त्येच्या डोसक्यावर टोपरं घालतंय झाड. थंडी वाजंल म्हणून. मग पानं मोठी झाली की ते मधीच वाळून ऱ्हातंय. ज्येला टोपरं त्यो आपल्यातला. ज्येला न्हाई त्यो पावना.”

बावीसच्या बावीस मुली वाकून टोपरं शोधायला लागल्या. अर्ध्या तासात त्यांनी अख्खा उतार पालथा घातला, “मॅडम, हा आपल्यातला! मॅडम, हा पाहुणा!” मी हसत होते, आक्का, पण मला कसं वाटलं ते विचारू नका. सहामाही परीक्षेत एकीने इंग्रजी उत्तरात मध्येच देवनागरीत ‘टोपरं’ लिहिलं. उत्तर बरोबर होतं. मी अर्धा मार्क कापला.

नावांवरून तर आपण रोज भांडायचो. गेळाचं शास्त्रीय नाव बदलल्याचं पत्र आलं तेव्हा मी दिवसभर जुन्या लेबलांशेजारी नव्या चिठ्ठ्या लावत बसले होते. तुम्ही चहा ठेवलात. “आता ह्येला काय झालं?”

“याची जात बदलली आक्का. आधी एका जातीत होता, आता दुसऱ्या जातीत घातलाय.”

“आणि रानातला, फळाचा अळू? त्येचंबी मागं बदलल्यालं न्हवं?”

“हो, ते झाड पण बदललं.”

“किती डाव लगीन लावतासा गं त्येंचं? एका सासरात नांदू द्या की बिचाऱ्यांस्नी.” आणि पुढे, “आपल्या गावाची पाटी बदलली, म्हणून यष्टी दुसरीकडं थांबाय लागली व्हय?”

मी तुम्हाला समजावलं होतं की नवं नाव लावायचा एक नियम आहे. आधीचं लेबल काढायचं नसतं, फाडायचं नसतं, खोडायचंही नसतं. पहिल्याने काय ओळखलं ते तसंच ठेवायचं आणि आपली चिठ्ठी तारीख-सहीसकट त्याच्या वर, रिकाम्या जागेत चिकटवायची. चूक असली तरी ती राहिली पाहिजे, म्हणजे पुढच्या माणसाला वाट कळते. तुम्हाला हे फार पटलं होतं. “चांगली रीत हाय,” म्हणालात. म्हणून पुढचं मला जास्त लागतं.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. म्हणजे, तुम्ही असतात तर. रविवारी मी रानातून सहा झाडांच्या फांद्या आणल्या होत्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पडवीत ठेवल्या होत्या. सोमवारी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला जावं लागलं, आल्यावर प्रेसमध्ये दाबायच्या असं ठरवून गेले. संध्याकाळी आले तर तुम्ही पडवीत पाय पसरून बसलेल्या, मांडीवर सूप, हातात कातर, आणि सुपात पानं. सगळी एका मापाची. पत्र्याचा तुकडा ठेवून कापलेली, चौकोनी, शिरा काढलेली, बीडीला लावतात तशी. टोक नाही, देठ नाही, कडा नाही. फांद्या बंबात गेलेल्या.

“आक्का, हे काय केलंत?”

“तुला नीटनेटकं लागतंय न्हवं? म्हटलं येईस्तवर करून ठिवावं. येकबी फाटलं न्हाई बघ.”

कौतुकाने तुम्ही सूप पुढे केलंत. मी पडवीच्या पायरीवर बसले आणि रडले. मग ओरडले. पानाची कडा, पानाचं टोक, शिरांची जाळी, देठ, स्टिप्यूल, ज्या ज्या गोष्टीवरून मी झाड ओळखते ती प्रत्येक गोष्ट तुम्ही काळजीपूर्वक कापून टाकली होती. माझ्यासमोर दीडएकशे हिरवे चौकोन होते आणि माझी एम.एस्सी. त्यातल्या एकाचंही नाव सांगू शकत नव्हती.

“आता यातलं कुठलं पान कुठल्या झाडाचं, कोण सांगणार?”

“मी सांगते की.”

आणि तुम्ही सुपात हात घातलात. तुम्ही पानाकडे बघतसुद्धा नव्हता, आक्का. समोरच्या घरची म्हैस गोठ्यात शिरत नव्हती, तिकडे बघत होता. अंगठा आणि तर्जनी, एकदा चोळायचं आणि टाकायचं. हे इकडं, हे तिकडं. दहा मिनिटांत ढीग पडले. मी मोजले. सात.

“झाडं सहा आणली होती मी.”

“ढीग सात झाल्यात.”

“आक्का, सहाच. हे दोन ढीग एकाचेच आहेत. पांढऱ्या फुलाचा इक्झोरा, बकोऱ्याचा भाऊ. दोन झुडपांवरून तोडलाय.”

“न्हाई गं. ह्येचं पान एकसारखं लागतंय. ह्येच्यात गाठी हैत. मोहरी पेरल्यावानी. असलं पान कारखान्यात मुकादम फेकून द्यायचा, बीडी फुटती म्हणून. माझं बोट न्हाई चुकायचं.”

मी उठून आत गेले आणि आधीच वाळवून चिकटवलेली सत्तावीस नंबरची शीट घेऊन आले. मागच्या फेरीत त्यातल्याच एका झुडपाची फांदी तोडली होती. फूल नव्हतं, फळ नव्हतं, नुसती पानं. लेबलावर माझ्या अक्षरात इक्झोरा. तुम्ही वाळक्या पानावरून बोट फिरवलंत. “ह्योच त्यो. सातवा.”

“पानावरून नाही ठरत आक्का. फुलावरून ठरतं. सगळ्या जगात फुलावरून ठरतं.”

“फूल चार दिस. पान बारा म्हैने. माणूस वळखायचं तर लग्नातल्या लुगड्यावरनं वळखतीस व्हय?”

तुमचा भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. तो हसला. मोठ्याने हसला. तो तसा सहसा हसत नसे. मी म्हटलं, “ज्यांनी मायक्रोस्कोप पाहिला नाही त्यांनी यात बोलू नये.” हेच वाक्य. तुम्ही सूप उचललंत आणि भाकरी थापायला गेलात. जेवताना मला नेहमीसारखंच आधी वाढलंत.

यापुढचं कुणाला माहीत नाही. तुमच्या भावालाही, तो होता तोवर, नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर ते झुडूप फुलायला हवं होतं. मी घरी सांगितलं विद्यापीठात मीटिंग आहे, आणि खानापूरची गाडी पकडली. एकटीच उतारावर चढले. झुडूप सापडलं. पांढऱ्या फुलांचे गुच्छ लागले होते, आणि प्रत्येक फुलातून एक लांब सुई बाहेर आलेली, फुलाच्या नळीच्या दुप्पट. भिंग काढून बघितलं. टोकाला दोन फाटे नव्हते. इक्झोराला असतात. मग मी एक पान तोडून आभाळाकडे धरलं. पानभर काळसर ठिपके. डोळ्यांनी बघितल्यावर मग कुठे माझ्या बोटाला त्या गाठी लागल्या. तो पापट होता, पॅव्हेटा. त्या गाठींत सूक्ष्म जीव वस्ती करून राहतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, त्यावर मला मार्क मिळालेले होते. पानावर माझं बोट मात्र कधी फिरलं नव्हतं.

तिथे कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, “आक्का बरोबर.” एकदाच. ते झाडाने ऐकलं.

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, “मीटिंग कशी झाली गं?” माझ्या साडीला कुसळं चिकटलेली होती. तुम्ही ती एकेक काढलीत. दुसऱ्या दिवशी मी सत्तावीस नंबरच्या शीटवरचं लेबल ओलं करून सोडवलं, बारीक तुकडे करून टाकलं, आणि त्याच जागी नवं लावलं. पॅव्हेटा. गोळा केलं: मी. ओळखलं: मी. जणू पहिल्यापासून मला ठाऊक होतं. आयुष्यात एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या, ओळ कधी वाकडी गेली नाही. एवढी एक खोटी लिहिली आणि तीही सुंदर अक्षरात.

तुम्ही केरसुणी घेऊन आलात, कागदाचे तुकडे दिसले. “चिट्टी का गं काढलीस?”

“खराब झाली होती.”

“हं,” म्हणालात.

त्या ‘हं’वर मी तीस वर्षं काढली. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणजे कळलं नसणार, असं एक दिवस वाटायचं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, दोन शब्दांचा आकार वेगळा आहे एवढं दिसायला वाचता कशाला यायला हवं? तुम्ही विचारलं नाहीत. मात्र त्यानंतर तुम्ही माझ्या पानांना कधी हात लावला नाहीत. मी रानातून गठ्ठा आणायची, मुद्दाम पडवीत सोडून जायची, परत येईपर्यंत तो तसाच असायचा. मी म्हणायची, “आक्का, हे बघा बरं जरा.” तुम्ही म्हणायचात, “तू सांग, मी ऐकते.” मी नाव सांगितलं की मान हलवायचात. किती ठिकाणी मी चुकले असेन आणि तुम्ही मान हलवली असेल! माझी ओळख-यादी अडतीस झाडांवर थांबली. माझ्या डोळ्यांना तेवढीच दिसली. तुमची बोटं असती तर किती झाली असती?

आणि त्याच बोटांनी तुम्ही नातवंडांना शिकवलंत. मागल्या खेपेला ती आली होती तेव्हा ईशानने कुंडीतल्या कॉफीच्या पानावर आधी अंगठा फिरवला, मग बघितलं. ऋता डोळे मिटून पानं ओळखून दाखवत होती, तुम्ही स्वतः हरलात तरी टाळ्या पिटत होता. मी दारात भिंग घेऊन उभी होते. मला कुणी खेळायला बोलावलं नाही. मी आत येऊन कपाट लावलं.

तुमच्या बाराव्याला निपाणीहून सहा बायका आल्या, पहाटेची गाडी धरून. तुमच्या कारखान्यातल्या. त्यातली सखूबाई, तुमच्या शेजारी बसून वळायची ती, माझ्याजवळ सरकून बसली. माझा हात हातात घेतला आणि बोटं चाचपायला लागली, तुमच्यासारखीच.

“तुमीच न्हवं मास्तरीण? आक्का लई सांगायची तुमचं. म्हणायची, माझी भावजय लई हुश्शार. सगळ्या झाडांची नावं पाठ. येकच डाव चुकली.”

माझा हात तिने सोडला नव्हता, म्हणून मला उठता आलं नाही. “कशात चुकले म्हणाली?”

“ते काय आमाला कळतंय व्हय? कसलं तरी गाठीचं पान. पर म्हणायची, कुणापाशी बोलू नगंस सखे, तिला लई लागतंय. रानात जाऊन बघून आली बिचारी, येकटीच. आल्यावर जेवलीबी न्हाई.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कुसळं काढताना कळलं असणार. ती त्याच उताराची होती आणि तुम्ही तीही बोटाने ओळखली असणार. तीस वर्षं तुम्ही माझं खोटं सांभाळलंत, माझ्या घरात, मला रोज आधी वाढून, आणि कधी भांडणातसुद्धा ते बाहेर काढलं नाहीत. मी मात्र वर्षानुवर्षं समजत होते की राग धरून तुम्ही पानांना शिवत नाही. आता वाटतं, मला पुन्हा चुकताना बघायचं नव्हतं तुम्हाला.

यावर माणसाने कृतज्ञ व्हावं. झाले. पण खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. त्या क्षणी मला आधी सखूबाईचा हेवा वाटला. एवढी मोठी गोष्ट तुम्ही मला न सांगता तिला सांगितलीत. मी तुमची कुणीच नव्हते का, की एकदा पडवीत बसवून म्हणाला असतात, “मास्तरीण, मी बघितलंय गं”? मी रडले असते, ओरडले असते, आणि मग आपण दोघी मिळून एकोणचाळिसावं झाड शोधायला गेलो असतो.

पत्र इथे थांबलं होतं. काल मी सत्तावीस नंबरची शीट काढली. आधी वाटलं, नवं लेबल सोडवून जुन्यासारखं एक लिहून लावावं. पण ते दुसरं खोटं झालं असतं. जे आहे ते तसंच ठेवायचं, ही रीत. म्हणून खोट्या लेबलाला हात लावला नाही. त्याच्या वरच्या रिकाम्या जागेत एक चिठ्ठी लावली, कालच्या तारखेची: ‘या फांदीवर पूर्वी माझ्या हातचं दुसरं लेबल होतं. त्यावर मी इक्झोरा लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. चूक दिसू नये म्हणून मी ते काढून टाकलं.’ खाली सही. तिच्या वर दुसरी चिठ्ठी: ‘पॅव्हेटा, पापट. फुलाशिवाय, पानातल्या गाठींवरून, स्पर्शाने ओळखलं: अनुसया रामू चौगुले, बीडी कामगार, निपाणी.’ दोन्ही इंग्रजीत लिहिल्या, आणि खाली मराठीतही. लिहायला सबंध दुपार गेली. पहिल्या चिठ्ठीचे चार कागद वाया गेले.

आज गुरुवार. मंजुळा आली. शीट्स तपासून घेताना सत्ताविसाव्या शीटवर थांबली, खालून वर वाचत गेली, मग परत वरून खाली. तिचं मराठी कन्नड वळणाचं, पण स्वच्छ. “मॅडम, बीडी कामगार आणि स्पर्शाने ओळख? कुठल्या कॉलेजात शिकल्या ह्या अनुसया मॅडम?”

“निपाणीच्या,” मी म्हटलं.

“आणि ही तुमची चिठ्ठी? नेटवर जाणार हे. सगळे बघणार. झाकून स्कॅन करू का?”

“नको. झाकलंस तर वरची कशाला लावली ते कुणाला कळेल?”

ती शीट्स घेऊन गेली. पडवी मोकळी झाली आहे.

आक्का, मुलांना मी आता हे सगळं पाठवते आहे, आणि खाली एवढं जोडते आहे: ऋता, ईशान, शीट दिसायला लागली की मोठी करून बघा. वरची चिठ्ठी आक्काआजीची आहे. पण आधी तिच्या खालची वाचा. ती माझी आहे. एवढ्या एका ठिकाणी तरी माझा नंबर आधी लागू दे.